तांबड्या दिव्याखालचा संसार

नाशिक रोड स्टेशनाबाहेर घोडे जुंपलेली ट्राम उभी आहे. तिच्यात बसा. साल १९१७, युरोपात महायुद्ध चालू आहे आणि तुम्हाला गावात जायचंय. या प्रवासाची एकच अट आहे. तुम्हाला दिसेल, वास येईल, अंगाला ऊन आणि गारवा जाणवेल, पण ऐकू काही येणार नाही. घोड्यांच्या टापा नाहीत, फेरीवाल्यांच्या आरोळ्या नाहीत, घाटावरच्या घंटा नाहीत. आपण निघालोय त्या घरात मूकपट तयार होतात. तिथला नवरा आणि बायको रात्री दमून बसल्यावर एकमेकांशी काय बोलले, ते शब्द कुणी टिपून ठेवलेले नाहीत, आणि मी ते तुमच्यासाठी रचणार नाही. तुम्ही त्यांच्या हातांकडे पाहा.

ट्राम गावाकडे सरकते. वाड्यांचे कोरीव लाकडी खांब दिसू लागतात, तांबटांचे हातोडे तांब्याच्या हंड्यांवर मुकाट वर-खाली होतात. विजयानंद नाट्यगृह ओलांडा. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री इथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्याला अजून आठ वर्षंही झालेली नाहीत. गोदावरीच्या पलीकडे पंचवटी आहे. सीताहरण तिथे झालं असं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलंय. त्याच गावात सध्या एक गृहस्थ रामाला, सीतेला आणि मारुतीला कॅमेऱ्यापुढे उभं करतोय. चित्रपटाचं नाव ‘लंकादहन’.

गृहस्थाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. ३० एप्रिल १८७० ला जन्म, तोही इथून जवळच त्र्यंबकेश्वरला, दाजीशास्त्री फाळक्यांच्या घरी. पण त्याच्याकडे नंतर वळू. आधी स्वयंपाकघरात चला.

चूल पेटलेली आहे. एवढ्या माणसांचा स्वयंपाक म्हणजे रोजचं लग्नघर. फाळक्यांच्या कंपनीतली माणसं पगार घेऊन संध्याकाळी घरी जाणारी नाहीत, ती बहुतेक इथेच राहतात, इथेच जेवतात. नट, रंगारी, सुतार, कॅमेरा धरणारे, पडदे शिवणारे, सगळे एका पंगतीला. चुलीपुढच्या बाई पदर खोचून उभ्या आहेत. सरस्वतीबाई फाळके. भाताच्या वाफेत त्यांचा चेहरा नीट दिसत नाही, ते असू द्या. हात पाहा. पिठानं माखलेले आहेत, पण नखांच्या कडा आणि बोटांची टोकं तपकिरी, काळपट पडलीत. ते डाग चुलीचे नाहीत. फिल्म धुण्याच्या रसायनात वर्षानुवर्षं हात घातले की कातडी अशी रंगते, आणि पिठानं, चिंचेनं, राखेनं घासली तरी तो रंग लवकर जात नाही. कुठल्या दस्तऐवजात मी हे वाचलेलं नाही, पण जी बाई फिल्म धुते तिच्या हातांचं एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

हे डाग कुठून आले, ते पाहायला आणखी मागे जावं लागेल. दारातून बाहेर पडा. उंबरठ्यापलीकडे १९०२ साल आहे.

फाळके ३२ वर्षांचे आहेत आणि विधुर आहेत. गोध्ऱ्याला असताना प्लेगनं त्यांची पहिली पत्नी आणि मूल नेलं. फोटोग्राफीचा धंदाही बसला, कारण कॅमेऱ्यासमोर बसलं की आयुष्य कमी होतं अशी लोकांची समजूत. मुंबईचं जे. जे. आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकलेला हा माणूस चित्रं काढतो, ठसे करतो, फोटो धुतो, जादूचे प्रयोगही करतो. जादूगार म्हणून त्यानं नाव घेतलंय प्रोफेसर केल्फा. अक्षरं उलटी वाचा, फाळके सापडतील. अशा माणसाच्या घरात गिरिजा करंदीकर लग्न होऊन येते. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांची ती पुतणी. म्हणजे रंग, पडदे, पेट्या, नटांचे मुक्काम, आज पैसा आणि उद्या कर्ज, हे सगळं तिनं माहेरीच थोडंफार पाहिलं असणार. सासरी तिचं नाव ठेवतात सरस्वती.

पुढची काही वर्षं मी भराभर ओलांडतोय, तुम्हीही ओलांडा. फाळके काही काळ सरकारी पुराणवस्तू खात्यात नोकरी करतात. मग लोणावळ्याजवळ स्वतःचा छापखाना काढतात, राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी दगडावर चित्रं उतरवण्याचं काम करतात. पुढे भागीदारीत छापखाना दादरला येतो, त्याचं नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रं पाहायला फाळके जर्मनीला जाऊन येतात. भागीदारांशी बिनसतं आणि फाळके उठून बाहेर पडतात. एवढं लक्षात ठेवा की हा माणूस मुळात छापणारा आहे. एका ठशातून अनेक प्रती कशा उमटतात, रंग कुठे बसतो, ओला कागद किती आखडतो, हे त्याच्या बोटांत आहे. चित्रपट त्याच्याकडे येईल तेव्हाही छपाई म्हणूनच येईल. सेकंदाला १६ चित्रं, एकाखाली एक, सेल्युलॉइडच्या पट्टीवर छापलेली.

१९११ चा ईस्टर. गिरगावातलं अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस. आदल्या दिवशी फाळके मुलाला, भालचंद्राला घेऊन आले होते आणि पडद्यावर चालणारी जनावरं पाहून गेले होते. घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. म्हणून आज सगळं कुटुंब आलंय. येशू ख्रिस्ताचं चरित्र चालू आहे. फाळक्यांच्या डोळ्यांपुढे येशूच्या जागी राम आणि कृष्ण उभे राहिले, हे त्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलं आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही मात्र शेजारच्या खुर्चीकडे पाहा. सरस्वतीबाई तिथे आहेत. फाळक्यांना भारतीय चित्रपटाची कल्पना पहिल्यांदा सुचली त्या संध्याकाळी त्या हजर होत्या, त्याच अंधारात, त्याच पडद्यासमोर. पुढच्या ३० वर्षांचं जे काही बरंवाईट झालं, त्याची साक्षीदार पहिल्या क्षणापासून एकच.

त्यानंतरचे महिने घराला कठीण गेले. खेळण्यातलं सिनेमायंत्र आणि फिल्मचे तुकडे आणून फाळके रोज रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रं पाडत बसतात, चार-चार, पाच-पाच तास. झोप नाही, नोकरी नाही. शेवटी डोळे जातात. काही काळ त्यांना दिसेनासंच होतं. डॉक्टरांच्या उपचारानं आणि चष्म्यांच्या अनेक जोड्यांनी दृष्टी परत येते. या दिवसांत घरात थांबा थोडं. चित्र हेच ज्याचं जगणं, तो माणूस डोळ्यांवर पट्टी घेऊन खोलीत बसलाय, मुलं लहान आहेत, आणि बाहेरचे लोक त्याला खुळा ठरवतायत. या काळात बायकोनं काय केलं असेल, हे कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीपेक्षा जास्त सापडत नाही. पण डोळे परत आल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं? पुन्हा तेच वेड. त्या घरात नकार असता तर हे झालं नसतं. मला याबद्दल शंका नाही.

विम्याच्या पॉलिसी गहाण पडतात. फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंत नाडकर्णी पैसे देतात. १ फेब्रुवारी १९१२ ला फाळके लंडनला निघतात, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाला गाठतात, सेसिल हेपवर्थचा वॉल्टनचा स्टुडिओ पाहतात, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, भोकं पाडायचं यंत्र, छपाईचं यंत्र घेतात आणि १ एप्रिलला परत येतात.

आता दादर. मथुरा भवन. पेट्या उघडल्या जातायत, आणि तुम्हाला जिथे आणायचं होतं ती खोली हीच.

दार लावून घ्या. फटींना काळं कापड लावलंय. भिंतीला तांबडा दिवा आहे. त्या काळच्या फिल्मला तांबडा उजेड दिसत नाही, म्हणून एवढाच दिवा चालतो. तुमचे डोळे सरावायला वेळ लागेल. मग हळूहळू दोन माणसं दिसतील, दोघांच्या हातात एकच पट्टी. कच्ची फिल्म सलग, गुळगुळीत आली आहे, तिच्या कडांना भोकं नाहीत. भोकं नसतील तर कॅमेऱ्याचे दात ती पकडणार कशी? प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार भोकं हवीत आणि सगळी एकाच अंतरावर. केसाएवढी चूक झाली तरी पडद्यावर राजा हरिश्चंद्र थरथरायला लागेल. फाळके यंत्रात पट्टी कशी घालायची ते दाखवतात. मग हात बाजूला घेतात, आणि सरस्वतीबाई घालतात.

इथे मला थोडं रेंगाळू द्या.

एक फूट फिल्ममध्ये १६ चित्रं मावतात. म्हणजे दोन्ही कडा मिळून १२८ भोकं. फाळक्यांच्या पहिल्या कथापटाची, ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. चित्रं झाली ५९,२०० आणि भोकं ४,७३,६००. आणि हा हिशेब फक्त एका तयार प्रतीचा. निगेटिव्ह वेगळी, वाया गेलेली फिल्म वेगळी. ही सगळी एकाच बाईनं पाडली असं कुणी म्हणू नये, पण हे काम घरात ज्यांना येत होतं त्यांत त्या पहिल्या. सगळं काम तांबड्या दिव्यात, स्पर्शावर. कॅमेऱ्यात फिल्म भरणं त्या शिकल्या, रसायनं मिसळणं, फिल्म धुणं, कापून जोडणं शिकल्या. ज्या काळात मुलींना शाळेत घालावं की नाही यावर सभा होत, त्या काळात दादरच्या एका बंगल्यात नऊवारी नेसलेली बाई डेव्हलपरचा अंदाज बोटांनी घेत होती.

कलावंताचं पत्नीवरचं प्रेम छापील चित्रात उतरतं तेव्हा ते बहुधा तिच्या चेहऱ्यातून उतरतं. १६३६ साली रेम्ब्रांटनं एक छोटं एचिंग केलं. त्यात तो स्वतः समोर आहे आणि मागे बसलेली पत्नी सास्किया. साडेतीन शतकांहून जास्त काळ लोक त्या छाप्यात त्यांचं सहजीवन पाहत आलेत. फाळक्यांच्या चित्रांत तुम्ही सरस्वतीबाईंचा चेहरा शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. हरिश्चंद्राची राणी तारामती झाले अण्णा साळुंके, मुंबईतल्या एका हॉटेलात काम करणारे. फाळक्यांनी पत्नीला चित्रात घेण्याऐवजी चित्र करण्याची सगळी विद्या तिच्या हवाली केली. जे स्वतः रतलाम, बडोदा, जर्मनी, लंडन असं फिरून शिकले, ते घरी येऊन तिला शिकवलं. मला हे कुठल्याही सुंदर व्यक्तिचित्रापेक्षा जवळचं वाटतं. चेहरा रंगवताना नवरा चित्रकार राहतो आणि बायको बसून राहते. इथे दोघंही कामाला उभे होते.

बाहेर खिडकीत एक कुंडी आहे, तिच्यात वाटाणा पेरलाय. समोर कॅमेरा पक्का बसवलाय, तो हलवायचा नाही. रोज ठरल्याप्रमाणे एकेक चित्र घ्यायचं. महिन्याहून जास्त दिवस हे चालतं. माती फुटते, अंकुर वाकडा होऊन वर येतो, सरळ होतो, पानं उघडतात, वेल आधार शोधत फिरतो. सगळं धुऊन, छापून भिंतीवर दाखवतात तेव्हा महिनाभराची वाढ मिनिटभरात होते. ‘अंकुराची वाढ’ असं त्याचं नाव पडलं आणि ते पाहूनच चित्रपटासाठी पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला. माझ्या मते फाळक्यांचं सगळ्यात घरगुती, सगळ्यात जिव्हाळ्याचं चित्र हेच. त्यात राजा नाही, देव नाही, युद्ध नाही. एका घराच्या खिडकीतली कुंडी आहे आणि तिच्याकडे रोज, न चुकता, लक्ष देणारी माणसं. त्याची प्रत आज उरलेली नाही. भिंतीवर ते पहिल्यांदा उमटलं तेव्हा समोर कोण होतं ते पाहून घ्या, कारण ती रात्र तुम्हाला पुन्हा कुठे दिसणार नाही.

मग ‘राजा हरिश्चंद्र’. सहा महिने आणि सत्तावीस दिवस. दत्तात्रय दाबके राजा, भालचंद्र रोहिदास. सिनेमात काम करतो असं सांगायची लोकांना लाज वाटते, म्हणून फाळके त्यांना सांगतात, हरिश्चंद्राच्या कारखान्यात काम करतो म्हणा. अंगणात या. दुपारचं ऊन आहे. सावलीत उभ्या नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून सरस्वतीबाई पांढरी चादर ताणून धरून उभ्या आहेत, तासन्‌तास. वीज नाही, आरसे नाहीत, जो उजेड आहे तो चादरीवरून परत फेकायचा. त्याआधी सकाळी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक झालाय. कपडे धुवायचेत. रात्री फिल्म धुवायचीय. मुलांना झोपवायचंय.

या कष्टांना नुसतं प्रेमाचं नाव देऊन मला पुढे जाता येत नाही. ज्या काळाची ती बाई होती, त्या काळात स्वयंपाकघर तिच्यावरून कुणी उतरवून घेतलं नाही. काळोखाची खोली वाढली, चूल कमी झाली नाही. फाळक्यांनी तिला विद्या दिली हे खरं आणि त्या विद्येसाठी तिला झोपेतून वेळ काढावा लागला हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच घरात, एकाच दिवशी घडत होतं. आज आपण त्या जोडप्याकडे पाहून भारावतो तेव्हा ती ताणलेली चादर किती वेळ हवेत होती हे विसरू नये. चादर धरलेले हात खांद्यापर्यंत कसे भरून येतात ते एकदा स्वतः धरून पाहा.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निवडक लोकांसाठी खेळ, ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी. गर्दीची वर्णनं तुम्ही खूप वाचली असतील. आपण त्या गर्दीत थांबायला नको. फाळके आता मुक्काम नाशिकला हलवतायत, त्यांच्याबरोबर जाऊ.

नाशिकला फिल्म धुणाऱ्यांना एक गोष्ट बरी होती, गारवा. रसायनं आणि पाणी गरम झालं की फिल्मवरचा सरसासारखा थर फुगतो, कडेनं सुटायला लागतो आणि चित्रं निसटून जातात. मुंबईच्या घामट उन्हाळ्यापेक्षा इथल्या रात्री सोसवतात. इथेच ‘मोहिनी भस्मासुर’ झाला. त्यात कमलाबाई आणि त्यांची आई दुर्गाबाई कामत प्रत्यक्ष बायका म्हणून पडद्यावर आल्या. मग ‘सत्यवान सावित्री’. मृत्यूच्या दारातून नवऱ्याला परत आणणाऱ्या बायकोची ही गोष्ट फाळक्यांनी का निवडली याचं उत्तर धंद्यातही सापडेल, कारण वटसावित्री करणाऱ्या घराघरांत ती ठाऊक होती. पण १९११ साली ज्याचे डोळे गेले होते आणि परत आले होते, त्या माणसानं ती निवडली, एवढी नोंद मी मनाशी करून ठेवतो.

१९१४ साली फाळके चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला जातात. कौतुक होतं, तिकडेच राहून चित्रपट करण्यासाठी हेपवर्थकडून विचारणाही होते. ते नाकारून परत येतात. युद्ध पेटलेलं असतं. भांडवलवाले हात आखडतात. कच्ची फिल्म मिळेनाशी होते. आता नाशिकच्या घरातली ही घडी पाहा. सरस्वतीबाई दागिने काढून ठेवतायत. बांगड्या, पाटल्या, जे असेल ते. पहिल्या चित्रपटाच्या वेळीही हे झालं होतं, आता पुन्हा. कारखाना बंद पडू द्यायचा नाही, माणसं घालवायची नाहीत. दागिन्यांच्या बदल्यात आलेला पैसा फिल्ममध्ये जातो. फिल्मच्या थरात चांदीचे क्षार असतात, उजेड पडला की काळे होणारी चांदीच ते चित्र धरते. घरातलं सोनं गेलं आणि त्याची अशी चांदी झाली.

आणि आता तुम्ही पुन्हा १९१७ मध्ये आहात, सुरुवातीच्या त्याच स्वयंपाकघरात. पण आता पलीकडच्या खोलीत चला. निगेटिव्ह वाळत टाकलीय. एक पट्टी दिव्यासमोर धरा. सगळं उलट दिसतं. काळे केस पांढरे, पांढरं आकाश काळं, आणि सीता नि राम दोघांच्याही चेहऱ्यात एकच माणूस, अण्णा साळुंके. ‘लंकादहन’मध्ये दोन्ही भूमिका त्यांच्याच आहेत. मारुती गणपत शिंदे. या निगेटिव्हवरून प्रत छापली की सगळं सुलट होईल. ती प्रत गिरगावच्या वेस्ट एंड सिनेमात लागेल आणि सकाळी सातपासून रात्री उशिरापर्यंत खेळ होतील. मद्रासला गल्ल्यातली नाणी पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागतील. पडद्यावर राम दिसला की लोक हात जोडतील. पट्टीच्या कडेकडे कुणाचंच लक्ष नसेल. ती कड यंत्राच्या आतच राहते, पडद्यावर पोचत नाही.

याच सुमारास फाळके एक छोटा चित्रपट करतात, ‘चित्रपट कसे तयार करतात’. त्याचा तुकडा आज पाहायला मिळतो. त्यात फाळके स्वतः आहेत, नटांना शिकवताना, फिल्म तपासताना, कापताना. टोपी, मिशा, हातात पट्टी. तो तुकडा पाहताना मला नेहमी वाटत आलंय की कॅमेरा जरा बाजूला वळायला हवा होता. पण तो वळत नाही. कारखान्याचं तंत्र जगाला दाखवायचं ठरवलं तरी घरातली बाई चौकटीबाहेर राहिली, आणि हे फाळक्यांसारख्या माणसाच्या हातूनही झालं. ‘राजा हरिश्चंद्र’ही याच वर्षी त्यांनी नव्यानं चित्रित केला. आज जी रिळं आपण पाहतो ती बहुधा या दुसऱ्या वेळची, असं अभ्यासक मानतात.

१ जानेवारी १९१८ ला भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहते. पैशांची विवंचना मिटते आणि भांडणं सुरू होतात. फाळके सगळं सोडून कुटुंबासह काशीला जातात, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहितात, पुन्हा येतात, पुन्हा सोडतात. १९३७ साली कोल्हापूरला ‘गंगावतरण’, त्यांचा एकच बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच ते गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथे सुट्टीच्या दिवशी मुलं धावत असतात, शहरातले लोक संध्याकाळी फिरायला येतात. नाशिककरांनी तिथे मुलांना फाळक्यांची गोष्ट सांगताना दोन नावं घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा एक मुक्काम राहिला. साल १९१९, चित्रपट ‘कालिया मर्दन’. फाळक्यांच्या चित्रपटांतला हा बराचसा शिल्लक राहिलेला. कृष्ण झालीय मंदाकिनी, धुंडिराज आणि सरस्वतीबाईंची मुलगी. गोष्ट सुरू होण्याआधी फाळक्यांनी एक वेगळंच प्रकरण ठेवलंय. लहानगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर बसते, कृष्ण म्हणून नाही, मंदाकिनी म्हणून, आणि एकामागून एक हावभाव करून दाखवते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ आहे आणि तो लावणारा तिचा बाप आहे. हसते, रुसते, डोळे मोठे करते. बापानं शिकवलेलं सगळं करून दाखवते आणि मध्येच न शिकवलेलंही काहीतरी करते. फाळक्यांच्या सबंध कामात घरातला चेहरा इतक्या जवळून, इतका वेळ, कुठे दिसत नाही. तुम्ही त्या चेहऱ्यात आईचं काही सापडतं का ते शोधा. नाकाची ठेवण, हनुवटी, हसताना पडणारी खळी, काय असेल ते. आणि लवकर शोधा, कारण तिचा चेहरा विरघळू लागलाय, त्याच जागी मुकुट आणि मोरपीस उमटतंय, आणि चित्रपट सुरू होतोय.